मँगनीज: फेसवर ४४ टक्के, वॅगनमध्ये ३८. मधले सहा टक्के कुठे जातात?

बावनथडी

विदर्भातल्या खाणी म्हटलं की सगळे कोळशावर बोलतात. म्हणून हा धागा फक्त मँगनीजचा. पट्टा एकच आहे, राज्यं दोन: नागपूर जिल्ह्यात मनसर, कांद्री, बेलडोंगरी, गुमगाव, भंडाऱ्यात तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, पलीकडे मध्य प्रदेशात बालाघाटची भरवेली, उकवा, तिरोडी. खडक तोच, कामाची पद्धत बहुतेक तीच, आणि दुखणंही तेच: फेसवरच्या (खाणीत माल तोडतात त्या उघड्या भिंतीवरच्या) नमुन्यात मँगनीजची जी टक्केवारी येते ती वॅगनपर्यंत टिकत नाही.

पहिला हिशेब मीच मांडतो. १.८ मीटर रुंदीचा पट्टा धरा, माल ४४ टक्के, घनता ३.९. सुरुंगाने हँगवॉलची (पट्ट्याच्या वरच्या बाजूच्या भिंतीची) शिस्ट, म्हणजे पापुद्र्यांचा कमजोर दगड, फक्त ३० सेंमी जास्त पडली. शिस्टची घनता २.७, तिच्यात मँगनीज जेमतेम २ टक्के.

माल: १.८ × ३.९ = ७.०२ टन, दर चौरस मीटर फेसला
शिस्ट: ०.३ × २.७ = ०.८१ टन
मिश्रण: (७.०२ × ४४ + ०.८१ × २) ÷ ७.८३ = ३९.७ टक्के

वीतभरापेक्षा थोड्या जास्त दगडाने चार-साडेचार टक्के खाल्ले. पट्टा रुंद असता तर हे जाणवलंही नसतं. म्हणून अरुंद पट्ट्यात टनांचं टार्गेट देऊन खाण चालवणं मला चुकीचं वाटतं. टन वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे शिस्ट पाडणं, आणि तो टन खाणीलाच महाग पडतो.

भराव, पिकिंग (हातनिवड), नमुना, भट्टी या टप्प्यांवर ज्यांचा हात आहे त्यांनी लिहावं.

गोंडाइट

हिशेब बरोबर. आधी मालाचं मूळ सांगतो, नाहीतर पुढे सिलिकावरून गोंधळ होईल.

या पट्ट्यातलं मुख्य खनिज ब्राउनाइट. त्याच्या सूत्रातच सिलिका आहे. शुद्ध ब्राउनाइटमध्ये मँगनीज ६३.६ टक्के आणि सिलिका जवळजवळ १० टक्के. ही सिलिका धुऊन, फोडून, जिगवर (पाण्यात जड-हलका दगड वेगळा करणाऱ्या यंत्रावर) घालून निघत नाही, ती भट्टीतच जाते. पायरोल्युसाइट आणि सायलोमेलेन हे वरच्या, हवापाण्याने बदललेल्या भागात जास्त. त्यांच्यात अशी बांधलेली सिलिका नसते.

मालाला चिकटून असतो तो गोंडाइट. फर्मोर यांनी १९०९ मध्ये गोंड लोकांवरून हे नाव दिलं. त्यात क्वार्ट्झ (गारगोटी) आणि स्पेसार्टाइट नावाचा मँगनीजचा गार्नेट. फसवतो तो हाच. स्पेसार्टाइटमध्ये मँगनीज ३३ टक्के असतं, त्यामुळे नमुन्याचा आकडा फार वाईट दिसत नाही. पण त्यासोबत अ‍ॅल्युमिना आणि ३६ टक्के सिलिका येते.

ओळख: ताज्या फोडीवर ब्राउनाइट पोलादी काळा, जड, घासल्यावर उमटणारी रेघ गडद तपकिरी-काळी. पायरोल्युसाइट बोटाला काजळी लावतो. गोंडाइटमध्ये पिवळसर-तपकिरी बारीक दाणे, भिंगाखाली साखरेसारखे. ओला करून बघा, कोरड्या धुळीत सगळंच काळं दिसतं.

आणि सौसर गटाच्या या खडकांना एकावर एक घड्या पडल्या आहेत. घडीच्या नाकाशी पट्टा फुगतो, बाजूंना चिमटतो. दोन लेव्हलवर (खाणीच्या मजल्यांवर) रुंदी सापडली म्हणून मधली रुंदी तेवढीच धरणं ही राखीव साठ्याच्या हिशेबातली नेहमीची चूक. लेव्हलमधलं अंतर ३० मीटर असलं तरी मध्ये एक रेझ (खालून वर जाणारा बोगदा) काढून खात्री करावी.

घण_छिन्नी

हँगवॉल वाचवणं ड्रिलिंगच्या हातात आहे. जॅकहॅमर, ३२ मिमी बिट, दीड मीटर होल या नेहमीच्या पद्धतीतही बरंच करता येतं.

१. होलची शेवटची रांग संपर्काच्या रेषेवर (माल आणि शिस्ट भेटतात तिथे) मारू नका. मालाच्या आत १५ ते २० सेंमी ठेवा. उरलेली साल धक्क्याने सुटते, कारण शिस्टचे पापुद्रे संपर्काला समांतर असतात.
२. ही रांग संपर्काला समांतरच हवी. ड्रिलर उभा राहायला सोपं म्हणून होल तिरकं धरतो, तळ शिस्टमध्ये जातो आणि पुढच्या स्लाइसला (मालाच्या पुढच्या थराला) तिथूनच पोपडा निघतो.
३. त्या रांगेत सुरुंगाची दारू निम्म्यावर आणा आणि होल जवळजवळ घ्या. उरलेल्या लांबीत मातीचे गोळे घट्ट भरा. स्टेमिंग ढिली असली की वायू तोंडातून निघून जातो, तळाचा दगड तसाच राहतो, आणि मग पुढच्या वेळी दारू वाढवली जाते.
४. ब्लास्टनंतर छत-भिंत ठोकून सैल दगड पाडा आणि रॉकबोल्ट (दगड धरून ठेवणारे लोखंडी दांडे) त्याच पाळीत लावा. शिस्ट पहिल्या काही तासांत धरली तर धरते.

पट्टा एक मीटरच्या आत आला तर दोन ब्लास्ट करा: आधी शिस्ट पाडून ती तिथेच भरावात ढकलायची, मग माल. वेळ जास्त लागतो, पण दगड वर नेण्याचा, फोडण्याचा, निवडण्याचा खर्च वाचतो.

जुन्या होलचं उरलेलं बूड पुन्हा खोल करायचं नाही, कितीही सोयीचं वाटलं तरी. त्यात न उडालेली दारू असू शकते. मिसफायर झाल्यास (होल उडालंच नाही तर) नवं होल जुन्यापासून किमान ३० सेंमी दूर आणि त्याला समांतर, आणि ते ब्लास्टरच्या देखत. माइनिंग मेटने (पाळीच्या मुकादमाने) पुढच्या पाळीच्या मेटला मिसफायरची जागा प्रत्यक्ष दाखवावी, नुसती वहीत नोंद करून थांबू नये.

वैनगंगा_काठ

एक शंका. स्टोपमध्ये (माल काढतात त्या पोकळीत) वाळू कशासाठी भरतात? खांब सोडून काम होत नाही का?

वाळूघाट

होतं, पण मग चांगला माल खांबांत अडकून राहतो. इथे पट्टा उभा किंवा बराच तिरका आणि बाजूची शिस्ट कमजोर. म्हणून खालून वर आडव्या स्लाइस घेत जायचं आणि प्रत्येक स्लाइसची पोकळी भरून काढायची. भराव भिंतींना आधार देतो आणि पुढच्या स्लाइससाठी उभं राहायची जमीनही तोच.

क्रम असा. लेव्हलवर ड्राइव्ह (आडवा बोगदा) निघाली, छताचा पहिला थर घेतला. सुमारे दोन मीटरची स्लाइस पाडली. माल स्क्रेपरने किंवा छोट्या लोडरने ओढून मिलहोलमध्ये (माल खाली सोडायच्या उभ्या वाटेत), तिथून चूटखाली टबमध्ये. छताला बोल्ट. मिलहोल आणि माणसांच्या वाटेची चौकट भरावाच्या नव्या पातळीपर्यंत वाढवली. उघड्या बाजूंना लाकडी चौकट, फळ्या आणि आतून गोणपाट लावून बांध घातला. मग वरून पाइपने वाळू-पाणी सोडलं. पाणी निथळलं की पुढची स्लाइस.

किती वाळू? वर सांगितलेल्या मिश्रणाची घनता ३.७ च्या आसपास. १,००० टन निघाले की २७० घनमीटर पोकळी. कोरड्या वाळूच्या भाषेत साधारण ४३० टन. म्हणजे दर सव्वादोन-अडीच टन मालामागे एक टन वाळू खाली पाठवायची.

बिघडतं ते इथे.

पाइप तुंबणे. वाळू एक भाग, पाणी एक ते दीड भाग, घनफळाने. सुरुवात निव्वळ पाण्याने, शेवटही निव्वळ पाण्याने. वाळू थांबवून पाणी लगेच बंद केलं की कोपऱ्यात वाळू बसते आणि दुसऱ्या दिवशी पाइप खोलावा लागतो. पाइपची एकूण लांबी उभ्या खोलीच्या चार-पाच पटींच्या आत ठेवा, त्यापलीकडे वेग पडतो. बंकरच्या (वर वाळू साठवतात त्याच्या) तोंडाला जाळी हवीच. एक मुळी किंवा एक गोटा पुरतो.

पाइप झिजणे. आडव्या पाइपचा तळ आधी जातो. ठरलेल्या मुदतीने १२० अंशांत फिरवले तर एकाच पाइपला तीन आयुष्यं मिळतात. कोपऱ्यांचे तुकडे वेगळे, जाड आणि झटकन बदलता येतील असे.

पाणी न निथळणे. सर्वांत धोक्याचं हेच. वाळूत गाळ, चिकणमाती असली की पाणी आत साठतं, बांधावर दाब येतो आणि बांध फुटतो. खाली माणसं असतील तर वाळूचा लोंढा लेव्हलभर जातो. ढोबळ नियम: तासाला १० सेंमी तरी पाणी वाळूतून उतरायला हवं. तळाला जाळी लावलेल्या नळकांड्यात वाळू भरून वर पाण्याची पातळी कायम ठेवा आणि खाली तासात किती पाणी जमतं ते मोजा. त्या पाण्याला नळकांड्याच्या तळाच्या क्षेत्रफळाने भागलं की किती सेंमी उतरलं ते कळतं. प्रत्येक घाटाची वाळू वेगळी, म्हणून प्रत्येक घाटाची चाचणी वेगळी. स्टोपमध्ये गोणपाट गुंडाळलेला छिद्रांचा उभा पाइप ठेवला तर वरचं पाणी लवकर उतरतं. बांधातून गढूळ पाणी यायला लागलं तर भराव तिथेच थांबवा: वाळू वाहून चालली आहे.

निथळलेलं पाणी संपमध्ये (खाणीतल्या पाण्याच्या खड्ड्यात) जातं आणि सोबत बारीक वाळू. संपच्या आधी दोन कप्पे करून गाळ बसू द्या, नाहीतर पंपाचा इंपेलर महिन्यात खलास.

आता धाग्याच्या प्रश्नाकडे. नव्या वाळूवर माल पाडला की दोन नुकसानं होतात. स्क्रेपर वाळू खरवडून मालात आणतो. आणि मालाचा चुरा, जो बहुतेक वेळा चांगल्या प्रतीचा असतो, वाळूत जिरतो. १५ सेंमी वाळू आली तर दोन मीटर स्लाइसमागे दर चौरस मीटरला ०.२४ टन, म्हणजे ३ टक्क्यांवर. बावनथडींचे ३९.७ लगेच ३८.४ होतात. शिस्टपेक्षा कमी, पण हे टाळणं स्वस्त आहे: भरावावर १ भाग सिमेंट, ८ ते १० भाग वाळूचा ७-८ सेंमीचा थर, किंवा जुन्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडे. बेल्ट ब्लास्टने उडतो, म्हणून कडा वाळूत पुरायच्या.

पेंच

वाळू येणार कुठून हाच आता प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या दीपक कुमार निकालानंतर लहान घाटांनाही पर्यावरण मंजुरी लागते, पावसाळ्यात उपसा बंद. आणि नदीच्या बाजूने बघितलं तर ते योग्यच आहे. बावनथडी, कन्हान, वैनगंगा यांच्या पात्रात वाळू अमर्याद नाही. कोराडी, खापरखेडा, तिरोडा इथे वीजकेंद्रांच्या राखेचे डोंगर आहेत. राख का वापरू नये?

वाळूघाट

पेंच, राखेत फरक करा. उडती राख फार बारीक. एकटी भरली तर पाणी धरून ठेवते, तासाला १० सेंमीची अट पार करत नाही. भट्टीच्या तळाची राख जाडसर असते, ती निथळते, पण हलकी आणि ठिसूळ, पाइपमध्ये दळली जाऊन स्टोपपर्यंत बारीक होऊन पोचते. म्हणून चाचणीचा नमुना बंकरवरचा नको, पाइपच्या शेवटचा घ्या. उडती राख वापरायचीच तर सिमेंट घालून घट्ट लगद्याच्या रूपात, म्हणजे निथळण्याचा प्रश्नच राहत नाही. पण त्याचा पंप आणि पाइपची मांडणी पूर्ण वेगळी.

मला त्यापेक्षा खाणीचाच टाकाऊ दगड फोडून केलेली वाळू बरी वाटते. डंप तिथेच आहे. अट एक: धुऊन बारीक भाग काढायचा. अभ्रकाच्या शिस्टची वाळू केली तर पापुद्रे आडवे बसतात आणि पाणी अडवतात. क्वार्टझाइट किंवा नाइस (gneiss) असा कठीण दगड निवडा.

घण_छिन्नी

सहमत. डंपमधला जुना माल आधी तपासून घ्या मात्र. पूर्वी फक्त उंच प्रतीचा माल उचलत, ३० टक्क्यांचा दगड टाकून देत. तो वाळू करून पुन्हा खाली पुरला तर मोठंच नुकसान.

जिगवाली

वर आल्यावर काय होतं ते लिहिते. फोडणी, चाळणी, मग हातनिवड. पिकिंग करणाऱ्या बाया हातातल्या वजनावरून आणि फोडीच्या रंगावरून दगड ओळखतात आणि २५ मिमीच्या वरच्या तुकड्यांत त्यांची निवड जिगपेक्षा चोख असते. कारण गोंडाइट. आकडे बघा. पाण्यात वेगळं होण्याची सोय दोन्ही खनिजांच्या घनतेतून प्रत्येकी १ वजा करून काढलेल्या गुणोत्तरावर ठरते:

ब्राउनाइट आणि क्वार्ट्झ: ३.७५ ÷ १.६५ = २.२७, जिगवर छान वेगळे.
ब्राउनाइट आणि स्पेसार्टाइट: ३.७५ ÷ ३.१८ = १.१८, जवळजवळ अशक्य.

चुंबकीय यंत्रावरही तीच अडचण, दोन्ही थोडे थोडे ओढले जातात. यंत्र क्वार्ट्झ आणि वाळू काढेल, गार्नेट तुमच्या मालातच येईल. म्हणून गोंडाइट डोळ्यांनी, मोठ्या तुकड्यांतच काढायचा. दगड धुऊन ओला, चांगला उजेड, पट्ट्याचा वेग कमी, आणि थर एकाच दगडाचा. थरावर थर आला की खालचा कोणी बघत नाही. टनावर मजुरी दिली की निवड बिघडते, हेही तितकंच खरं.

जिगला माल देताना आकार जवळचे ठेवा, उदाहरणार्थ ६ ते २५ मिमी वेगळा, १ ते ६ वेगळा. एकत्र घातला तर मोठा क्वार्ट्झ आणि लहान ब्राउनाइट एकाच वेगाने बसतात.

रसायनशाळा

अर्धे वाद नमुन्याचे असतात. ढीग रचताना मोठे तुकडे घरंगळून पायथ्याला जातात, चुरा मधे राहतो. पायथ्याच्या कडेने फावड्याने घेतलेला नमुना ढिगाचा नसतोच. ढीग रचला जात असतानाच ठरावीक टनांमागे एक फावडं घ्या. नाहीतर तीन उंचींवर, सगळ्या बाजूंनी, एक फूट खणून. मग फोडा, शंकू करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवा, पुन्हा फोडा. न फोडता नुसतं कमी करत गेलं की एक मोठा गोटा निकाल ठरवतो.

फेसवर खाच नमुना घ्यायचा तो थरांना काटकोनात, १० सेंमी रुंद, खोली सारखी. मऊ माल लवकर सुटतो, कडक गोंडाइट सुटत नाही, म्हणून घाईत घेतलेला खाच नमुना नेहमी खऱ्यापेक्षा चांगला येतो. फेसवरच्या ४४ मधला काही भाग असा मुळात नसतोच.

ओलावा १०५ अंशांवर, नमुना आल्याबरोबर. करारात टक्केवारी कोरड्या मालावर आणि वजन ओल्यावर असतं. पावसाळ्यात चुऱ्यात ओलावा वाढला की तो वजा होऊन तिथेही टन कमी होतात.

भट्टीकाठ

भट्टीला फक्त मँगनीजचा आकडा पुरत नाही. लोखंड आणि फॉस्फरस तितकेच महत्त्वाचे.

लोखंड जवळजवळ सगळं धातूत उतरतं, मँगनीज समजा ७८ टक्के. माल ४४ मँगनीज, ८ लोखंड: ३४.३ भागांना ८ भाग, कार्बन वगैरेसाठी ८ टक्के वजा केले तर फेरोमँगनीज (मँगनीज-लोखंडाचा मिश्रधातू) ७४-७५ टक्क्यांचं. तोच ४४ पण लोखंड १२ असेल तर ६८. पहिला विकला जातो, दुसऱ्याला वेगळा माल मिसळावा लागतो.

फॉस्फरस भट्टीत निघत नाही. एक टन फेरोमँगनीजला सव्वादोन टन माल लागला आणि त्यात फॉस्फरस ०.१५ टक्के असेल तर ३.४ किलो, म्हणजे धातूत ०.३४ टक्के, कोकमधला वेगळा. खरेदीदाराची हद्द ०.३५-०.४० च्या आसपास असते. या पट्ट्यात अ‍ॅपाटाइट (फॉस्फरसचं खनिज) ठिकठिकाणी असल्यामुळे प्रत्येक स्टोपचा फॉस्फरस वेगळा नोंदवावा आणि ढीगही वेगळे ठेवावेत.

३० ते ३८ टक्क्यांचा सिलिकावाला माल वाया नाही. सिलिकोमँगनीजला (सिलिकॉनवाल्या मिश्रधातूला) सिलिका हवीच असते. फक्त अ‍ॅल्युमिना आणि फॉस्फरस बघा. डोंगरी बुजुर्गचा मँगनीज डायऑक्साइडचा माल मात्र या कशात मिसळू नका. बॅटरीसाठी त्यातला डायऑक्साइड मोजतात, एकूण मँगनीज नव्हे.

पेंच

किमतीचं एक. भारतीय खाण ब्युरो सरासरी विक्री किंमत टप्प्यांनी काढतं: २५ च्या खाली, २५ ते ३५, ३५ ते ४६, ४६ आणि वर, डायऑक्साइड वेगळा. रॉयल्टी त्यावर, आणि जानेवारी २०१५ पूर्वीच्या लीजवर रॉयल्टीच्या ३० टक्के जिल्हा खनिज प्रतिष्ठानला. म्हणजे ४६ च्या ढिगात थोडी शिस्ट गेली तर खाणीचं उत्पन्न घटतं आणि खाणीभोवतीच्या गावांचा निधीही.

जिगवाली

धुळीचं कोणी लिहिलं नाही. ड्रिलिंग ओलंच हवं. क्रशर आणि चाळणीवर फवारा. इथे दोन धोके आहेत: क्वार्ट्झमुळे सिलिकोसिस आणि मँगनीजची मेंदूवर होणारी विषबाधा. दोन्ही कळवणं बंधनकारक असलेले आजार. दुसऱ्याची सुरुवात कळत नाही: झोप बिघडते, चिडचिड, अक्षर बारीक होत जातं, चेहरा निर्विकार, मागे चालताना तोल जातो. नियमित तपासणीत छातीच्या फोटोसोबत चालून दाखवणं आणि दोन ओळी लिहून घेणं हवंच. डायऑक्साइड दळण्याच्या जागी तर दर खेपेला.

बावनथडी

खूप भर पडली. एक व्यावहारिक प्रश्न उरतो: ढीग ३८ आला तर दोष ड्रिलिंगचा की भरावाचा, हे ढिगावरून कळेल का?

गोंडाइट

कळतं. मँगनीज, सिलिका, अ‍ॅल्युमिना तिन्ही काढा. ब्राउनाइटची स्वतःची सिलिका म्हणजे मँगनीजचा आकडा गुणिले ०.१५६. मँगनीज ३८ तर ६ टक्के सिलिका त्याची. त्यावरची सगळी बाहेरची. आता त्याच स्टोपच्या फेस नमुन्याशी ताडून बघा. सिलिकाबरोबर अ‍ॅल्युमिनाही चढला असेल तर शिस्ट पडली आहे, किंवा गोंडाइट निवडला गेला नाही. सिलिका एकटीच चढली, अ‍ॅल्युमिना जवळपास तसाच, तर वाळू. नदीच्या वाळूत फेल्डस्पार असतो, म्हणून वाळूचं पृथक्करण एकदा करून ठेवा. वरच्या, पायरोल्युसाइटच्या भागात ०.१५६ लावू नका, तिथे बांधलेली सिलिका कमी असते.

रसायनशाळा

प्रयोगशाळेची वाट बघायची नसेल तर २ मिमीखालचा चुरा किलोभर घ्या, परातीत पाण्याने हलवत धुवा, हलका भाग कडेला आणा आणि वाळवून भिंगाखाली बघा. गोल, घासलेले दाणे म्हणजे वाळू. धारदार फुटलेले दाणे आणि चमकणारे अभ्रकाचे पापुद्रे म्हणजे शिस्ट. दोन्ही वेगळे करून तोला. पाळी संपायच्या आत उत्तर मिळतं.